पोचलास की सांग

मंगलचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. मंगल म्हणजे माझी भावजय, बसूची बायको. “आक्का, सकाळधरनं ह्यांच्या छातीत दुखायलंय, परभणीला न्यायलोत गाडीनं.” मी म्हटलं, त्याला दे फोन. बसू फोनवर आला. आवाज जरा बसलेला, बाकी नेहमीसारखाच. “काय न्हाई गं, उगी गॅस असंल. ही घाबरलीय लय.” मी दटावलं, आगाऊपणा करू नकोस, डॉक्टर सांगतील ते ऐक, आणि पोचलास की सांग. “हो,” म्हणाला. त्याचं माझं शेवटचं बोलणं हे एवढंच. मेथी निवडून झाली, फोन मांडीवरच ठेवलेला. तासाभरानं वाजला तो गाडीवाल्याच्या नंबरवरून. तो बिचारा चाचरत काहीतरी सांगत होता आणि मी त्याच्यावरच डाफरत होते, “तुम्ही नका सांगू, त्याला द्या फोन, त्यानं सांगायचं ठरलंय आमचं...” अर्ध्या वाटेतच संपलं होतं सगळं. बसू परभणीला पोचलाच नव्हता.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मी पाथरीला राहते, तिथल्याच शाळेतून निवृत्त झाले. बसू सोनपेठला. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमचं मूळ गाव वालूरच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून आत. आई लवकर गेली, बापू किराणा दुकानात गुंतलेले, तेव्हा बसूचं नाक पुसण्यापासून त्याच्या पाठीत धपाटा घालण्यापर्यंतची सगळी खाती माझ्याकडं होती. पाचवीला त्याला सेलूला मामाकडं शिकायला ठेवलं. शनिवारी गावी यायचा, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत. मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला जायची. गाडी निघाली की मी घरी न जाता तिथंच उभी राहायची, कारण तीच गाडी दोनेक तासांनी सेलूहून परत यायची आणि कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, “पोचला गं तुझा बसू!” हे ऐकलं की मग मी घराकडं वळायची. एका सोमवारी कंडक्टर नवा होता. त्याला काय ठाऊक? गाडी तशीच धुरळा उडवत निघून गेली. मी दुपार कलेपर्यंत फाट्यावर उभी. शेवटी बापू सायकल घेऊन आले आणि मला बोल बोल बोलले. शनिवारी बसू आला तेव्हा त्याला हे कळलं. पुढच्याच सोमवारी सेलूला उतरल्यावर त्यानं म्हणे त्या नव्या कंडक्टरचा शर्ट धरला आणि निरोप कबूल करून घेतल्याशिवाय सोडला नाही.

पुढं मोबाईल आले आणि कंडक्टरची जागा मिस कॉलनं घेतली. बसू पाथरीहून निघाला की मी म्हणायची, पोचलास की सांग. सोनपेठला उतरून दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचा, मी उचलायचा नाही, हा आमचा कायदा. बोलणं फुकट झालं, जगानं मिस कॉल सोडला, आम्ही नाही सोडला. एकदा चुकून माझ्या हातून फोन उचलला गेला तर दोघंही गप्प. मग तो वैतागून म्हणाला, “कशाला उचललास? आता काय बोलू मी?” आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

सोनपेठला तहसीलसमोर त्याचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, उताऱ्याच्या मागण्या. मराठी टायपिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक तोंडानं बोलत असायचं आणि त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते कागदावर उतरलेलं असायचं. पण दुपारनंतर कचेरीतली गर्दी ओसरली की हा गृहस्थ कॉम्प्युटरवर निराळंच काही टाइप करत बसायचा. त्याचं नाव ‘सातखेडी’. हा इंटरनेटवरचा एक खेळ होता, पण त्यात चित्र एकही नाही. नुसती अक्षरं. तुम्ही त्यात शिरलात की पडद्यावर येतं, ‘तुम्ही वेशीपाशी उभे आहात. डाव्या हाताला पार आहे, पारावर एक म्हातारा सुपारी कातरतोय.’ मग तुम्ही टाइप करायचं, ‘पुढे जा’ किंवा ‘म्हाताऱ्याशी बोला’, की पुढचं उलगडतं. खेळणारे कुठकुठले, आपापलं एक सोंग घेऊन त्या गावांत राहायचे, शेती करायचे, भांडायचे, लग्नं लावायचे. ही गावं लिहिणारे लोक दहाबारा, सगळे हौशी, कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही. त्यातला एक आमचा बसू. एकदोन नव्हे, अठरा वर्षं!

त्याचं लिहिणं म्हणजे निव्वळ छळ असायचा, आम्हाला. सोनपेठच्या बाजारात वही घेऊन फिरायचा. मिरचीवालीला विचारायचा, मावशी, तुम्ही तागडी डाव्या हातात का धरता? त्या खेळातलं बाजाराचं वर्णन त्यानं इतक्या वेळा मोडून लिहिलं की मंगल म्हणायची, एवढ्यात खराखुरा बाजार उठून परत भरला असता. कारण काय, तर “आक्का, त्यात अजून वास येईना.” बाकीच्या लिहिणाऱ्यांशी महिनाभर वाद घालून त्यानं एक नियम करून घेतला होता : सातखेडीत कुणाच्याही घरात पाय धुतल्याशिवाय शिरता येणार नाही. ‘पाय धू’ असं टाइप करायचं, तेव्हा दार उघडतं. लोक आधी हसले, मग सवयीनं धुवायला लागले. हे सगळं तो मला मोठ्या उमेदीनं सांगायचा आणि दर वेळी शेवटी म्हणायचा, “एकदा येऊन बघ की गं.” मी म्हणायची, फुरसत झाली की बघू. शाळेतून निवृत्त झाले तरी मला ती फुरसत झाली नाही.

आणि मग माझ्या लेकीचा साखरपुडा. सगळे पाहुणे जमलेले, मामाचा पत्ता नाही. पंगत बसल्यावर हा घामाघूम होऊन आला. “सातखेडीत आज पयली जत्रा होती गं, एवढे लोक आले, मला मधनं उठताच येईना.” माझं डोकं फिरलं. नव्या व्याह्यांच्या देखत मी बोलले, “जिथं कुणीच न्हाई तिथं कसली आली जत्रा? पन्नाशीचा घोडा झालास अन् खेळ खेळायलास? लाज वाटू दे जरा!” सगळी पंगत ऐकत होती. बसूनं मान खाली घालून जेवण केलं, लेकीच्या हातात आहेर दिला, मला वाकून नमस्कार केला आणि निघाला. त्या दिवशी ‘पोचलास की सांग’ म्हणायलाही मी गेले नाही. दीड तासानं दोन रिंगा आल्या.

त्यानंतर सहा वर्षं तो यायचा, हसायचा, पोरांची चौकशी करायचा, पण सातखेडीचं नाव त्यानं माझ्यासमोर कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही. सगळं बोलत होतो आम्ही, तेवढं सोडून. तो राग धरून होता का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याला माती देऊन आल्यावर तेच माझ्या छातीवर बसलं. आता विचारायचं कुणाला?

शिवगण आराधनेच्या दिवशी, म्हणजे आमच्या लिंगायतांतल्या दिवसकार्याला, जेवणं चालू असताना, बसूच्या फोनवर एका अनोळखी मुलीचा फोन आला. पाहुण्यांच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून मी खेकसले, “कोण बोलतंय? मोठ्यानं बोल की, तोंडात काय धरलंयस?” मग ती मुलगी हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. “तुम्हीच बाई! हे वाक्य... हे बाई म्हणतात सातखेडीत!” तिचं नाव केतकी, नागपूरची, तीही त्या गावांच्या लिहिणाऱ्यांपैकी; बसू गेल्याचं तिच्या कानावर आलेलं. तिच्याकडून कळलं ते असं. सातखेडीत नवा माणूस आला की त्याला आधी शाळेत जावं लागतं. तिथं एक बाई असतात. चालायचं कसं, बोलायचं कसं, ओझं किती उचलायचं, हे त्या शिकवतात आणि चुकलं की फाडकन बोलतात. या बाई बसूनं लिहिलेल्या. “सगळ्यांत लाडक्या आहेत त्या,” केतकी म्हणाली. खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं ह्यानं जगभर माझं हसं करून ठेवलं होतं तर! पण ती पुढं म्हणाली, “आक्का, एक अडचण आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही काही करणार नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल का?” हे शब्द बसूचे होते. या वेळी फुरसतीचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलनं दुकानाचं शटर वर केलं. मी बसूच्या खुर्चीत बसले, केतकी फोनवरून सांगेल तसं एका बोटानं टाइप करत गेले. नाव घाला म्हणाली, मी ‘आक्का’ घातलं. शाळेसमोर पोचले तर दाराला कुलूप, ओसरीवर पाचसात नवी माणसं नुसती ताटकळत बसलेली. ‘बाई वर्गात नाहीत. बाई फाट्यावर आहेत.’ मी फाट्याकडं गेले. पडद्यावर अक्षरं आली : ‘सडकेला इथून दोन वाटा फुटतात. लिंबाची सावली सरकलीय. बाई पदर खोचून उभ्या आहेत. गाडी गेली त्या दिशेला बघतायत.’

केतकीनं समजावलं. गावातून कुणी बाहेर निघालं की बाई त्याला म्हणतात, पोचलास की सांग. तो माणूस मुक्कामी पोचला की त्यानं ‘पोचलो’ असं टाइप करायचं, तोवर बाई फाट्यावरच. तीन दिवस कुणाचं काही कळलं नाही, तर मात्र चरफडत शाळेत परततात. ही तीन दिवसांची मुदत बाकी लिहिणाऱ्यांनी हट्टानं घालून घेतलेली, नाहीतर शाळाच चालायची नाही. बसू गेला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो त्याच्या सोंगातून नव्या वस्तीकडं निघाला होता. वाटेत मंगलनं जेवायला हाक मारली म्हणून त्यानं कॉम्प्युटर बंद केला. तो ‘पोचलो’ म्हणायचा राहिला, आणि बाई तेव्हापासून उभ्या. “पण तीन दिवस तर केव्हाच झाले,” मी म्हटलं. केतकी म्हणाली, “त्यांनी स्वतःच्या नावापुढं मुदत घातलेलीच नाही. आम्ही बाईंचं आतलं लिखाण उघडून पाहिलं. तिथं त्यांनी लिहिणाऱ्यांसाठी एक ओळ लिहून ठेवलीय. वाचू?”

‘इथं मुदत घालू नका. आक्का मुदत ठेवून उभी राहत नाही.’

ही ओळ कधीची, मी विचारलं. त्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी त्या दुकानात, तहसीलसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ओक्साबोक्शी रडले. मंगल पाठीवरून हात फिरवत राहिली. एवढं बोलून घेऊन घरी गेला, दोन रिंगा दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी उठून माझ्यासाठी हे लिहीत बसला... राग नव्हता रे तुझा. मीच खुळी.

केतकी हळूच म्हणाली, “बसूदादांच्या नावानं आम्ही ‘पोचलो’ टाकू का? एका मिनिटाचं काम आहे. बाई शाळेत जातील.” मी डोळे पुसले आणि तिच्यावर उखडलेच. “तो पोचला का न्हाई तुमाला काय ठाऊक? खोटा निरोप द्यायचा न्हाई!” पण दुसरीकडं ती ओसरीवरची माणसंही डोळ्यांसमोरून हलेनात. पस्तीस वर्षं शिकवलंय मी. वर्ग उघडा टाकून बाई फाट्यावर उभ्या, हे मला कसं चालावं? आणि ही बाई तर माझ्याच हाडाची. निरोप आल्याशिवाय ती हलणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

सातखेडीचा एक रिवाज मला केतकीनं आधीच सांगितला होता. कॉम्प्युटर बंद केला तरी तुम्ही त्या जगातून जात नाही, जिथं थांबलात तिथंच दिसत राहता. मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, ‘बाई, तुम्ही वर्गावर जा. पोरं खोळंबलीत. इथं मी उभी राहते.’ काहीच घडलं नाही. बाईंना हे समजण्याची सोय बसूनं केलेली नव्हती. केतकी म्हणाली, थांबा. तिनं तिकडून काहीतरी लिहिलं, मला पाच मिनिटं ताटकळवलं, मग म्हणाली, आता पुन्हा सांगा. मी पुन्हा टाइप केलं. पडद्यावर आलं, ‘बाई तुमच्याकडे निरखून बघतात. पदर सोडतात. शाळेच्या वाटेला लागतात.’ थोड्या वेळानं घंटा झाल्याचं आलं. फाट्यावर आता मीच होते. मंगलला म्हटलं, बंद कर हे, पण मला तिथनं हलवू नको. आजही तिथं जाणाऱ्याला ‘आक्का उभी आहे’ असंच दिसतं म्हणे.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघाले. मंगल गाडीपर्यंत सोडायला आली. खिडकीतून हात धरून तिनं काय म्हणावं? “आक्का, पोचलात की सांगा.” आजवर हे मला कुणी म्हटलं नव्हतं, कारण म्हणणारी मीच. पाथरीला उतरले, घरी आले, पाय धुतले आणि बसूच्या नंबरवर फोन लावला. तो फोन आता मंगलजवळ असतो. दोन रिंगा दिल्या आणि ठेवला. तिनं उचलला नाही.