त्रेचाळीस ढिगांचं क्रियापद

खडू ओरडली का नाही, हा भुंगा नऊ दिवस झाले तरी आईच्या डोक्यातून जात नव्हता.

लहानपणी कंपासपेटीतली पेन्सिल कोणी इकडची तिकडे केली, तर घर डोक्यावर घेणारी ही मुलगी. आणि आता, तिच्या अकरा महिन्यांच्या कामाचा आईनं आपल्या हातानं विचका केला, तेव्हा ती दारात उभी राहिली, खोलीवरून एकदा नजर फिरवली, बूट काढले आणि म्हणाली, "असू दे, आई." मग तिनं चहा टाकला. आईच्या कपात साखर अर्धा चमचाच घातली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. आईला ते जास्त लागलं. चिडलेलं माणूस साखर विसरतं.

खडू हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाटीवर उमटायचा त्याहून जास्त खडू तिच्या पोटात जायचा, म्हणून बाबांनी ठेवलेलं. सदतीस वर्षांची झाली, चष्मा लागला, केसांत दोन-चार पांढरे आले, तरी घरात ती खडूच.

बाहेर मात्र ती केवाली. ती नोकरी करते त्या शब्दकोश कार्यालयात माणसांना अक्षरांवरून ओळखतात. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा मोठा कोश तिथं गेली कित्येक वर्षं चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लोखंडी कपाटं, खिडकीत वाळत घातलेले डबे, आणि टेबलाटेबलावर एकेक अक्षर. एमवाला, एलवाली, आणि सगळ्यांच्या वर संपादकबाई. दहा वर्षं दुसऱ्यांच्या अक्षरांत हमाली केल्यावर खडूला स्वतःचं अक्षर मिळालं, तेव्हा तिनं घर मिळाल्यासारखा फोन केला होता. "आई, मला के मिळालं."

"लहान आहे ना गं?" आईनं विचारलं होतं.

"लहान आहे. पण त्यात कीप आहे."

त्या वेळी आईला वाटलं, असेल एखादा अवघड शब्द. कीप म्हणजे ते नेहमीचंच कीप, हे नंतर कळलं. मग त्या शब्दावर महिने जायला लागले. दोन झाले, पाच झाले, अकरा झाले. मावशी प्रत्येक भेटीत विचारायची, "अजून तोच शब्द? आम्हाला पाचवीत शिकवला होता. कीप म्हणजे ठेवणे. एका मिनिटात झाला होता."

आई वरवर हसायची. मनात तीच शंका तिलाही होती. लेक एकटी राहते, तिच्या निवडीनं राहते, ते आईनं कधीच मान्य करून टाकलं होतं. पण एका शब्दापायी माणूस खरंच वर्षभर खपतं, की तोंड लपवायला शब्द पुढे करतं, हे बघावं म्हणून ती बारा दिवसांसाठी लेकीकडे जाऊन राहिली.

घर दोन खोल्यांचं. त्यातली मोठी खोली चिठ्ठ्यांनी भरलेली. पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर कुठून तरी घेतलेलं एक इंग्रजी वाक्य, वरच्या उजव्या कोपऱ्यात साल. पुस्तकांतली, वर्तमानपत्रांतली, पत्रांतली, औषधांच्या बाटल्यांवरची वाक्यं. भिंतीपासून भिंतीपर्यंत ढीगच ढीग, आणि मधून एका माणसापुरती वाट. पलंगाखालीही चार ढीग. सगळे मिळून त्रेचाळीस.

"हे कॉम्प्युटरवर नाही का होत?" आईनं विचारलं.

"वाक्यं सगळी कॉम्प्युटरवर आहेत. पण तिथं एका वेळी वीस दिसतात. जमिनीवर बाराशे दिसतात."

पहिल्या दिवशी जेवताना आईनं सरळ विषय काढला. "मला सांग, कीप म्हणजे ठेवणे. पुढं काय?"

"कोंबड्या ठेवतेस?"

"कोंबड्या पाळते."

"आणि दिलेला शब्द?"

"तोही पाळते." आई घास हातात धरून थांबली. "अगं, हे दोन्ही एकच कसं गं?"

"आपल्याकडे एकच, म्हणून ते दोन ढीग शेजारी ठेवलेत. दुकान?"

"चालवते."

"डायरी?"

"लिहिते. लिहायचे."

"दूध फ्रिजमध्ये दोन दिवस?"

"टिकतं. आणि तासभर ताटकळत ठेवणं ते तुझ्या बाबांचं, ते कुठल्या ढिगात आहे?"

"पलंगाखाली," खडू म्हणाली. आईनं वाकून बघितलंही.

त्यानंतर रोज जेवताना हाच खेळ. आईला कळेना, आपण तपासायला आलो होतो की शिकायला. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं तेव्हा ते काय करतं? मुलाला शाळेतून घरी ठेवून घेतात ते ठेवणं, आणि दार उघडं ठेवतात ते ठेवणं, एकच का? एक दिवस तिनं विचारलं, "पण हा आला कुठून?"

खडू खुलली. "तेच तर. इंग्रजीतल्या साध्या शब्दांना बहुधा नातेवाईक असतात. जर्मनमध्ये चुलतभाऊ, डचमध्ये मावसबहीण. याला कोणीच नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत, तिच्या अगदी शेवटाकडे, एकदम दिसायला लागतो. त्याआधीचा पत्ता कोणाला खात्रीनं लागलेला नाही."

"बिचारा."

"आणि तेव्हा अर्थ ठेवणं नव्हता. धरणं, टपून असणं, कशाकडे तरी डोळे लावून बसणं, असले अर्थ. आधी हात की आधी नजर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही."

"नजर," आई म्हणाली.

"कशावरून?"

"रांगतं पोर पलंगाच्या कडेला गेलं की आपण आधी बघत असतो. धरतो ते नंतर."

खडूनं उठून ते वाक्य लिहून घेतलं. आईला उगाच पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

एकच ढीग खडू कोणाला हात लावू देत नसे. खिडकीखालचा, सत्तरेक चिठ्ठ्यांचा. त्या चिठ्ठ्यांना अजून जागा मिळालेली नव्हती. 'ती दाराकडे बघत राहिली' असं वाक्य असलं, तर तिनं नजर हलवलीच नाही, की काम करता करता पुन्हा पुन्हा बघितलं? इंग्रजीत दोन्हीला कीप चालतं. खडू एकेक चिठ्ठी उचलायची, आधीची-नंतरची वाक्यं शोधायची आणि बहुतेकदा परत तिथंच ठेवायची. अकरा महिने कुठं गेले ते आईला तेव्हा दिसलं, आणि तिची शंका फिटली. तिथंच ती घरी परतली असती तर बरं झालं असतं.

आईनं एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी विभागात काढली होती. तिच्या हाताखालून गेलेला प्रत्येक केसपेपर तारखेनं लागायचा. तारखेनं न लावलेला कागद म्हणजे हरवलेला कागद, हे तिथं नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. आणि इथं बाराशे कागद, प्रत्येकावर ठळक साल, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. वाक्यं सगळी कॉम्प्युटरवर आहेत, हे तिनं ऐकलं होतं. म्हणजे जमिनीवर उरलं ते झालेलं काम, अशी तिची पक्की समजूत झाली. कुठल्या चिठ्ठीचा कोणता अर्थ हे फक्त चिठ्ठी कुठं पडलीय त्यावरून ठरतं, अर्थाचा आकडा पेन्सिलीनं अगदी शेवटी पडतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

अकराव्या दिवशी खडू कामाला गेली आणि आईचे हात शिवशिवले. ती दारापासून सुरू झाली. एकेक ढीग उचलायचा, चिठ्ठी वाचायची, साल बघायचं, लावायची. वाचल्याशिवाय तिच्यानं राहवेना, म्हणून पाच तास लागले. खिडकीखालचा ढीगही तिनं घेतला, सगळ्यांत शेवटी. शंभर-शंभरचे गठ्ठे करून फितीनं बांधले, एका पेटीत सालवार उभे केले आणि फरशी पुसून घेतली. संध्याकाळी खडू आली, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

"तू नोंदणीतून निवृत्त झालीस," नवव्या दिवशी सकाळी, आपल्या घरी, बाबा म्हणाले, "नोंदणी तुझ्यातून नाही झाली."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय."

"बोलली का ती काही?"

"तेच म्हणतेय मी. ब्र काढला नाही. रोज फोन केला की 'काम चाललंय, आई.' जेवलीस का म्हटलं की 'जेवले.'"

"मग झालं तर."

झालं नव्हतं. सकाळी अकराला खडूचा मोबाइल वाजत राहिला, म्हणून आईनं कार्यालयाचा नंबर लावला. फोन एमवाल्यानं घेतला. त्याची आणि आईची एकदा जिन्यात ओळख झाली होती.

"काकू, ती रजेवर आहे की. आठवडा झाला. घरीच बसलीय, चिठ्ठ्या लावत."

"आठवडा?"

"तुम्हाला बोलली नाही?" तो जरा घुटमळला. "तिनं सगळे ढीग मोडले ना. संपादकबाईंना म्हणाली, माझी मांडणी मलाच पटेना, म्हणून मीच मोडली. आम्ही थक्क. बाई तर तापल्याच. शुक्रवारपर्यंत मांडणी दाखव म्हणाल्या, नाहीतर कीपचे दोन भाग करतील. अर्धं एलवालीला, अर्धं मला. खरं सांगू काकू, मला नकोय ते. तिचं आहे. ते काढून घेतलं तर ती इथं थांबेल असं वाटत नाही मला."

आज बुधवार होता.

आईनं फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. मीच मोडली. म्हणजे बाईंसमोर, सगळ्या अक्षरांसमोर, लेकीनं आईचा वेडेपणा आपल्या नावावर घेतला होता.

"मी बाईंना फोन करते," ती म्हणाली. "सांगते, हे माझं काम आहे."

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "सदतीस वर्षांच्या बाईची आई फोन करणार. हिनं काही केलं नाही हो, मीच पसारा आवरला. पुढं काय, डबा घेऊन पोचवायला जाणार?"

"मग काय करू? गप्प बसू?"

"मी तसं म्हटलं नाही. बाईंना सांगून तुझं पोट हलकं होईल. तिच्या चिठ्ठ्या लागतील का?"

आई उठली. ती आतून एक जुनी वही घेऊन आली, कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, दार. दवाखान्यात तिला रुग्णांची नावं कधी आठवली नाहीत. पण अमक्याचा कागद खालून दुसऱ्या फळीवर, ओल लागलेल्या फायलीच्या मागं, हे वर्षानंतरही आठवायचं. तिनं डोळे मिटले आणि त्या खोलीत दारातून आत गेली. दाराजवळ डावीकडे कोंबड्या, मधमाश्या आणि दोन गायी. त्याला लागून वचनं. त्यातली वरची चिठ्ठी फाटकी, एका खलाशानं बायकोला लिहिलेल्या पत्रातली. मग दुकानं, खाणावळी. भिंतीशी दूध, फळं, लोणी, टिकणाऱ्या आणि नासणाऱ्या सगळ्या गोष्टी. पलंगाखाली ताटकळणारी माणसं.

दीड तासात सात पानं भरली. त्रेचाळीसपैकी एकतीस ढीग तिला जागेवर दिसले. प्रत्येकातली पाच-सहा वाक्यंही आठवली, कुठं कमी, कुठं जास्त. कपाटाच्या बाजूचा पट्टा मात्र काळोखा राहिला. तिथं काय होतं ते काही केल्या येईना, तिनं तसं लिहून ठेवलं. खिडकीखालच्या ढिगातली वाक्यं मात्र पन्नासच्या वर आठवली. तो शेवटचा होता, आणि दमल्यामुळे ती तिथं बसून हळूहळू वाचत होती. त्यांतल्या काही चिठ्ठ्या जोडीजोडीनं एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या होत्या. हा तेव्हा तिला गबाळेपणा वाटला होता. आता वाटलं, खडूनं त्या जोड्या मुद्दाम लावल्या असतील. आडव्या चिठ्ठ्यांतली आठवली ती नऊ वाक्यं तिनं वेगळ्या पानावर उतरवली. ती कशामुळे जोडीची, ते तिला कळत नव्हतं. कुठं होती, ते माहीत होतं.

"एवढ्यानं भागेल?" बाबांनी पानं बघत विचारलं.

"माहीत नाही. तिला आतापर्यंत निम्मं लागलंही असेल. माझं चुकीचंही असेल."

"मग बाई?"

"बाईंना नाही."

फोन हातात घेतल्यावर तिला पहिलं वाक्य सुचेना. माफी मागावी, तर खडू म्हणणार, असू दे, आई, आणि बोलणं तिथंच संपणार. एमवाल्यानं सांगितलं म्हणावं, तर त्याची पंचाईत. आधी मोबाइल उचलला नव्हता, आताही उचलेलच असं नाही. नाही उचलला तर पुन्हा लावायचा, तिनं ठरवलं, उचलेपर्यंत लावायचा. आणि उचलला की कशी आहेस, जेवलीस का, यातलं काही नाही. सरळ विचारायचं, दाराजवळ डावीकडे कोंबड्या होत्या ना, आणि गायी दोनच होत्या की तीन?

तिनं चष्मा पुसला, पहिलं पान समोर ओढलं आणि खडूचा नंबर लावला.