यंत्र तपासण्याचा कागद

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात एक तंत्रज्ञ दर महिन्याला एकेका विभागातील कामगारांच्या हृदयाचे आलेख काढायला येत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा वाटला, तर संगणक आलेखावर लाल खूण छापी. यंत्र तपासण्यासाठी पहिला आलेख ते स्वतःचाच काढत. त्यावर नेहमी लाल खूण येई.

“आवं, मशीन गार हाय. लेथसारखं तापलं की नीट चालतंय,” म्हणत ते कागद चुरगाळत. कारखान्यातर्फे तपासणीवर देखरेख करणारा मीही मान डोलावत असे.

काल दहा कामगारांचे आलेख निर्दोष निघाल्यावर मी त्या तंत्रज्ञांनाच पुन्हा आडवे व्हायला लावले. खूण लालच आली. मी हादरलो.

त्यांनी सावकाश शर्ट घातला. “सायेब, अजून सात जण ऱ्हायल्यात. त्यांचं उरकून मग दवाखान्यात जाऊ का?”

सांगायला लाज वाटते, पण उत्तर देण्यापूर्वी मी दाराबाहेरची रांग पाहिली.