खैरखान समोर असताना

सेवेलमा मावशीच्या तोंडाला आमच्या गोबी वाळवंटात कुणी लागत नसे. जावई, सीमेवरचे शिपाई, स्वतःचे उंट, सगळ्यांचा ती सकाळी सकाळी उद्धार करायची. वचकून असायची ती फक्त तंबूच्या दारासमोरच्या डोंगराला. त्याच्या पलीकडे चीनची हद्द, अलीकडे आम्ही मंगोल. तो दिसत असताना त्याचं नाव घ्यायचं नाही, 'खैरखान', म्हणजे कृपावंत, म्हणायचं, ही आमची रीत. मीही नाव लिहीत नाही, खिडकीतून दिसतोय.

मावशीची नजर पार गेली होती. तिच्या आईचीही अशीच गेलेली, औषध नसतं हे तिला ठाऊक होतं. पण तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही, कारण मुलगा ओचिर तिला राजधानीत न्यायला टपलेलाच होता. चहा ओतताना वाटीत अंगठा बुडवून अंदाज घ्यायची. आम्हाला वाटायचं, वय झालं, मुकाट प्यायचो. कुणी वाट विचारली की ठसक्यात सांगायची, "खैरखान उजव्या कानाशी ठेव अन् नीट जा. डोळे आहेत ना तुला?"

वसंतात ओचिर आला, तेव्हा मावशीच्या तंबूत माझाही चहा चालला होता. आदल्या दिवशीचं वादळ शमलं होतं, वारा गप्प होता, पण धूळ हवेत तशीच लोंबकळत होती.

"आई, दिसतं ना गं तुला नीट?"

"तुझं सुटलेलं पोट दिसतंय की!"

पोट खरंच सुटलं होतं. ओचिर वरमला. मग सीमेवरच्या नव्या रस्त्याचं सांगता सांगता त्यानं डोंगराचं खरं नाव घेतलं.

"अरे गाढवा!" त्याच्यासाठी चहा ओतता ओतता मावशी कडाडली. "समोर बसलाय तो, अन् त्याच्या तोंडावर नाव घेतोस? लाज शहरात विकलीस काय?"

ओचिर हसला नाही. "आई, सकाळपासून धूळ आहे. दारातली जीपसुद्धा दिसत नाहीये."

मावशीनं वाटीतला अंगठा हळूच बाहेर काढला. मला फार वाईट वाटलं.

"चल आता माझ्याबरोबर," ओचिर म्हणाला. "इथं काय उरलंय? डोंगरसुद्धा दिसत नाही तुला."

"मला नाही दिसत. पण त्याला मी दिसते ना? तुझ्या चौथ्या मजल्यावर दिवसभर मी कुणाला दिसणार आहे?"

ओचिरनं वाटी उचलली. मग तो अंगठ्याचा चहा त्यानं सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी जीप ओचिरला एकट्यालाच घेऊन निघाली. तिच्या आवाजाकडे तोंड करून मावशी ओरडली, "खैरखान पाठीशी ठेव अन् नीट जा! डोळे आहेत ना तुला?"