मी पुसलेला चेहरा

शेळगावच्या अलीकडे, आमच्या रानाला लागून एक छोटं चर्च आहे. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, बसायला सतरंज्या. वेदीमागच्या भिंतीवर येशूचं मोठं चित्र आहे. कुणा जुन्या चित्रकारानं त्याला आपल्याकडचा मेंढपाळ केलाय : खांद्यावर घोंगडी, हातात कोकरू, मागे बाभळी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मुद्दाम नेऊन दाखवलं होतं. मी बारामतीत एका शाळेत चित्रकला शिकवते, राहते जळोचीला; सुट्टीच्या दिवशी रानाकडे चक्कर होते.

चर्चची देखभाल तात्या करायचे. दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, बायको वारलेली, एकटेच. ऊसतोडणी सुरू झाली की त्यांची धांदल उडायची. तोडलेल्या रानात लोक मागे उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवतात आणि त्याची काळी राख वाऱ्यावर कुठल्या कुठं जाते. तात्या खिडक्या लावून घ्यायचे, झरोक्यांवर जुनी धोतरं ओली करून बांधायचे. संध्याकाळी ती धुतली की पाणी काळंकुट्ट. तरी राख आत यायचीच. त्यातली बरीचशी आमच्याच रानातली. माझे दीर दरवर्षी पाचट जाळायचे. तात्यांनी त्यावरून कधी शब्द काढला नाही.

एका हंगामात त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, तुमी यातल्या जाणकार. जरा बघा की. चेहरा पार काळवंडलाय. पुण्याला एक बाई हायेत म्हणं, जुनी चित्रं नीट करत्यात. त्यास्नी बोलवू का?"

"त्यांना कशाला? मी आहे की."

आजही हे वाक्य आठवलं की कान तापतात. तात्यांचा चेहरा मात्र खुलला. ते घरी चहा टाकायला गेले. मी स्टुलावर चढले. बादलीत पाणी, त्यात थोडा साबण, हातात स्पंज. आधी एखादा कोपरा पुसून बघावा, एवढी साधी गोष्ट. पण मला घाई होती. तात्या चहा घेऊन येईपर्यंत चेहरा उजळलेला हवा होता, त्यांनी तोंडात बोट घालायला हवं होतं. म्हणून मी सरळ गालालाच हात घातला.

पहिल्या हातासरशी काजळी निघाली. दुसऱ्या हाताला स्पंज गुलाबी झाला.

ते सरसात कालवलेले रंग होते. पाणी लागलं की सुटणारच. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवते. डावा गाल, ओठाचा कोपरा, दाढीची कड गेली होती. खालचा चुना दिसत होता.

मी बादली मागच्या दारी ओतली, स्पंज पर्समध्ये कोंबला. तात्या कपबशा घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

"काय झालं, बाई?"

"रंग आधीच गेला होता, तात्या. राखेनं खाल्लेला. मी नुसती वरची धूळ झटकली."

ते कपबशा खाली ठेवून चित्राजवळ गेले. मग म्हणाले, "माझीच चूक. मागं एक दिवस लेकीकडं गेलो, खिडकी उघडीच ऱ्हायली. दिवसभर राख आत आली असंल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले.

पुढच्या रविवारी तात्यांनी सगळ्या मंडळींसमोर उभं राहून माफी मागितली, असं दिरांनीच मला सांगितलं. चर्चची किल्ली तात्यांकडून काढून दुसऱ्या कुणाकडे दिली होती. मी "अरेरे" म्हणाले. त्यानंतर वर्षभर मी रानाकडे जायची तेव्हा चर्चच्या बाजूचा रस्ता टाळायची.

पुढच्या हंगामाआधी मंडळींनी पुण्याच्या बाईंना बोलावलं, आणि जाणकार म्हणून मलाही. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. बाईंनी बॅटरी तिरपी धरून गालावरून फिरवली.

"ही राख नाही. इथं कुणीतरी ओल्या फडक्यानं घासलंय."

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्या गोंधळले. "मी? म्या पाणी न्हाय लावलं," ते म्हणाले आणि मग स्वतःवरचाच विश्वास उडाल्यासारखे पुटपुटले, "का लावलं आसंल? ध्यानात न्हाय आता."

ते मला बघवलं नाही. "मी लावलं," मी म्हणाले. "साबणाचं पाणी. आणि तात्यांशी खोटं बोलले."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "आमी वरीसभर ह्या माणसाला बोल लावला, बाई." तात्या खाली सतरंजीकडे बघत होते.

गेलेला रंग परत भरायचा नाही, असं पुण्याच्या बाईंनी सांगितलं. त्या जागी फिकट मातकट छटा देऊन ठेवली. लांबून टोचत नाही, जवळून कळतं. झरोक्यांना बारीक जाळी बसवली, मेणबत्त्या वेदीवरून दाराजवळ हलवल्या, आत झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, असं ठरलं. चित्रावर महिन्यातून एकदा कोरडा मऊ ब्रश फिरवायचा. तो कसा धरायचा ते त्यांनी मंडळीतल्या एका नर्सबाईंना शिकवलं. मीही तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

किल्ली पुन्हा तात्यांकडे गेली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी तवाच बोलला असता, तर मी काय केलं असतं? चहाच दिला असता की."

दिरांना मी पाचट न जाळता रानातच कुजवायला सांगितलं. निम्म्या रानात त्यांनी ऐकलं. उरलेलं यंदाही पेटवलं. हंगामात शनिवारी मी फरशी पुसायला जाते. तात्या दार उघडून देतात, पोराबाळांची चौकशी करतात. चित्राबद्दल मात्र ते माझ्याशी बोलत नाहीत.