तारांतो, तरतो, तरतं

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. वाचा गेल्यानंतर माझे यजमान जो पहिला शब्द बोलले, तो त्यांनी स्वतः जुळवला होता, की माझ्या वाचनातून कानावर पडलेल्या एका शहराच्या नावाचा तो नुसता पडसाद होता?

आधी थोडी पूर्वपीठिका. आम्ही पुण्याचे. यजमान संगणक अभियंता आहेत आणि त्यांच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला राहतो. मी पूर्वी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत असे. म्हणून घरात ते मला 'बाई' म्हणतात. या वसंतात आम्ही दक्षिण इटलीतल्या तारांतो शहरी जाणार होतो. त्या शहराचा संरक्षक संत मूळचा इथला, जवळच्या लिस्मोरच्या मठातला, असे मानतात. यजमानांना याची फार गंमत वाटे.

"बघा बाई," ते म्हणत, "वॉटरफोर्डचा माणूस इटलीत जाऊन ग्रामदैवत झाला. मी पुण्याहून वॉटरफोर्डला आलो, तर मला साधं बागेच्या समितीतही कुणी घेत नाही."

निघण्याच्या आधीच एका सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातला कप कलला. त्यांनी काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडले आणि शब्द आला नाही. मी फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी टेबल पुसले आणि कप विसळून ठेवला. तेव्हापासून आजपर्यंत मला रडू आलेले नाही. लोक विचारतात म्हणून सांगते.

मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती. उजवा हात गेला आणि वाचा गेली. रुग्णालयात वाचेवर उपचार करणारी एक तरुणी आहे, किलकेनीकडची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी इथल्या पद्धतीने 'ग्रँड', म्हणजे 'छान', म्हणणारी. तिने सुचवले की त्यांच्या भाषेत, त्यांच्या आवडीच्या विषयावर रोज काही वाचून दाखवा. मी तारांतोचा इतिहास लिहून काढला. तो रोज तोच वाचला, कारण धडा बदलला की विद्यार्थी गोंधळतो. तो मजकूर इथे जसाच्या तसा देते. पुढे त्याची गरज पडेल.

"तारांतो हे दोन समुद्रांच्या मधले शहर. बाहेरचा समुद्र मोठा, आतला लहान. ते वसवले स्पार्टाहून आलेल्या लोकांनी. एका दीर्घ युद्धाच्या काळात तिथल्या अविवाहित स्त्रियांना झालेली ही मुले. युद्ध संपल्यावर स्पार्टाने त्यांना नागरिक मानले नाही. ती निघाली आणि इथे येऊन राहिली. ग्रीक लोक शहराला तारास म्हणत. तारास हा समुद्रदेवाचा मुलगा. त्याचे जहाज फुटले तेव्हा एका डॉल्फिनने त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणले, अशी दंतकथा आहे. शहराच्या नाण्यांवर डॉल्फिनवर बसलेला तरुण दिसतो.

"शहर लोकरीवर आणि शिंपल्यांपासून काढलेल्या जांभळ्या रंगावर श्रीमंत झाले. मग रोमशी भांडण झाले. मदतीला समुद्रापलीकडून हत्ती घेऊन एक राजा आला. लढाया त्याने जिंकल्या, पण त्यात इतकी माणसे गमावली की शेवटी तोच परत गेला. शहर रोमच्या हाती पडले आणि तारेंटुम झाले. पुढे ते रोमच्या शत्रूला मिळाले. रोमने ते परत घेतले, लुटले आणि रहिवाशांना गुलाम म्हणून विकले.

"काही शतकांनंतर अरब आरमाराने ते उद्ध्वस्त केले. बायझंटाइन सम्राटाने पुन्हा बांधले. मग नॉर्मन आले. त्यांच्या काळात मोठे चर्च नव्याने बांधताना जमिनीखाली आयरिश भिक्षूची कबर सापडली, असे सांगतात. मग आरागॉनचे राजे आले. त्यांनी किल्ला बांधला आणि जमिनीची पट्टी खणून काढली, त्यामुळे जुने शहर बेट झाले. आज त्या बेटावर अरुंद गल्ल्या आहेत, लहान समुद्रात शिंपल्यांची शेती आहे, आणि शहराच्या कडेला पोलादाचा कारखाना आहे. त्याची लाल धूळ गच्च्यांवर बसते. शहर तिथेच आहे."

एका दुपारी मी इथवर वाचले आणि कागद खाली ठेवला. यजमानांनी डाव्या हाताने चादर ओढली आणि म्हणाले, "तर… तो."

मी खिडकीबाहेर पाहिले. मोटारी उभ्या होत्या. आपल्याला काहीतरी वाटायला हवे, हे कळत होते.

शेजारी आमची मुलगी होती. ती इथेच वाढली. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. तिचे बोलणे इथे मराठीत लिहिते. "बाबा बोलले!" ती म्हणाली. "शहराचं नाव घेतलं."

"नाव तारांतो आहे," मी म्हणाले. "पहिला स्वर दीर्घ, मध्ये अनुस्वार."

"आई, बाबा पेशंट आहेत. सातवी ब नाहीत."

तिचे बरोबर होते, आणि माझेही. जिभेत बळ नसले की अनुस्वार गळतो, दीर्घ स्वर आखूड होतो. म्हणजे 'तारांतो'चे 'तरतो' होऊ शकते. पण मराठीत 'तरतो' हे स्वतंत्र क्रियापद आहे. बुडत नाही, निभावतो, वाचतो, असा त्याचा अर्थ. पुरुष बोलणारा असेल, तर 'मी तरतो'.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणीला हे सांगितले, तेव्हा तिने हातातले काम बाजूला ठेवले. डब्लिनच्या पुनर्वसन केंद्रात वाचेवर सखोल उपचार होतात. जागा थोड्या असतात, आणि यजमानांना तिथे पाठवायचे की नाही हे पुढच्या आठवड्याच्या बैठकीत ठरणार आहे. असे काही रुग्ण शेवटचे ऐकलेले नुसते परत म्हणतात. त्याला ती अजून भाषा म्हणत नाही. स्वतः निवडलेला, स्वतः प्रत्यय लावलेला एक शब्दही वेगळा मोजला जातो.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारले. "इथे ते सांगू शकेल असं तुमच्याशिवाय कुणी नाही."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण तपासता येईल."

आम्ही तिघी पलंगापाशी बसलो. मजकूर वाचून झाल्यावर मी मुद्दाम 'तरणे' हे क्रियापद टाळून विचारले, "अहो, हे शहर इतक्यांदा पडलं. पुढे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डाव्या गालाचा स्नायू हलला. "तर… तं."

"कालचंच परत म्हणाले," मुलगी हळूच म्हणाली.

"नाही. काल शेवटी ओ होता. आज अं आहे."

"मला दोन्ही सारखंच ऐकू येतं, आई."

तरुणीलाही तसेच ऐकू आले होते. मी तिला समजावले: आमच्या भाषेत शहर हा शब्द नपुंसकलिंगी आहे. शहर असेल तर 'तरतं'. पुरुष असेल तर 'तरतो'. नावाचा पडसाद असता, तर शेवटचा ओ बदलायला कारण नव्हते.

"ग्रँड," ती म्हणाली. या वेळी जरा सावकाश. "आणि काल त्यांनी ओ म्हटलं, ते कुणाबद्दल?"

मी यजमानांकडे वळून विचारले, "आणि तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटले. ते दमले होते. त्या दिवशी पुढे काही झाले नाही, आणि त्यानंतरही अजून दुसरा शब्द आलेला नाही.

तरुणीने जाताना शेवटचे विचारले: तुम्ही वाचता त्यात हे क्रियापद कुठेच येत नाही, असे बैठकीत खात्रीने सांगू शकाल का? मी पुन्हा पुन्हा पाहिले. मला ते सापडले नाही. 'तरुण' आणि 'शतकांनंतर' या शब्दांत ती अक्षरे आहेत, पण ते क्रियापद नव्हे. वाचताना मी मध्ये स्वतःचे काही बोलत नाही. ती शाळेतली सवय आहे. परंतु मी त्यांची पत्नी आहे, आणि मला एकच उत्तर हवे आहे. अशा परीक्षकाने एकट्याने उत्तरपत्रिका तपासू नये. मुलीला देवनागरी वाचता येत नाही. रुग्णालयात मराठी वाचणारे मला अजून कुणी भेटलेले नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. अवतरणचिन्हांतला तारांतोचा मजकूर वर पूर्ण दिला आहे. त्यात 'तरणे' या क्रियापदाचे एखादे रूप येते का, हे कृपया स्वतः वाचून तपासावे.