चेअरमनसाहेबांची परवानगी

आमचे चेअरमन शिंकसुद्धा सभेला विचारून देत असावेत, असं गावात म्हणत. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावातल्या सोसायटीचे ते चेअरमन आणि मी सेक्रेटरी. घरात भाजी कोणती करायची यावरही ते "कुणाचा विरोध हाय का?" असं विचारत. कुणाचा असला तर मात्र ऐकत नसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. मागे राहिली सून रुक्मिण आणि लहानगी गोदी. दुष्काळात चेअरमन चारा छावणी चालवत होते. तिथली बैठक संपता संपता एकदा ते म्हणाले, "आता आयत्या वेळचे विषय. सेक्रेटरी, तुमी आमच्या रुक्मिणशी लग्न करता का? तिला इचारलंय, ती व्हय म्हणाली." दावणीच्या म्हशीही माझ्याकडे बघायला लागल्या असं मला वाटलं. घाबरून मी "अनुमोदन" म्हणालो. लग्नात केस काळे केले आणि वय चार वर्षांनी कमी सांगितलं.

आजोबांचं ऐकून गोदीही मला सेक्रेटरीच म्हणे. एकदा तिला तापात फिट आली. आम्ही तिला बीडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" माझ्या तोंडून निघालं, "सेक्रेटरी." डॉक्टरांनी सहीचा कागद रुक्मिणपुढे सरकवला. उद्या रुक्मिणला काही झालं तर या पोरीवर माझा काय हक्क, असं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

मी दत्तकाचा कागद तयार केला. सूचक रुक्मिण, अनुमोदक मी! माजलगावचे वकील तो वाचून पोट धरून हसले. मग त्यांनी नीट समजावलं. वडील वारलेत, म्हणजे आईला एकटीला मुलगी दत्तक देता येते. पण नुसता कागद नोंदवून भागत नाही, आईनं मुलगी खरोखर उचलून द्यावी लागते. वडिलांकडून आलेली जमीन तिचीच राहते, मात्र त्या घराशी कायद्याचं नातं तुटतं. आणि घेणारा पुरुष मुलीपेक्षा एकवीस वर्षांनी तरी मोठा हवा. लग्नात सांगितलेल्या वयानं ते अंतर भरेना. मी खरं वय सांगितलं. परतीच्या एसटीत रुक्मिण माझ्यापासून दोन बाकं लांब बसली.

घरी येऊन मी मोठ्या ऐटीत चेअरमनना सांगितलं, "आजोबांची संमती कायद्याला लागतच नाही!" एवढी अक्कल एका वेळी पाजळायची नसते, हे मला फार उशिरा कळतं.

"म्हंजे ह्या सभेत मला मतच न्हाई?" ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "माझा पोरगा एकदा गेला, सेक्रेटरी. आता पोरीच्या नावामागूनबी नेता का?"

मी कागद ठेवून दिला. त्यांचं दुःख मला समजत होतं आणि गोदीही मला हवी होती. शेवटी रुक्मिणनंच दवाखान्यातली गोष्ट त्यांना सांगितली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सेक्रेटरी म्हणालात? कावून? पोरगी तापात अन् तुमी पद सांगत बसलात?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी भाऊबंदांना आणि माजलगावच्या वकिलांना ओट्यावर बोलावलं.

त्या सभेत चेअरमन प्रथमच मागे, भिंतीला टेकून बसले. वकिलांनी खूण केली. रुक्मिणनं गोदीला उचलून माझ्यापुढे धरलं. माझे हात पुढेच होईनात. सवयीनं तोंडातून गेलं, "अध्यक्षांची परवानगी असेल तर..."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मंजूर हाय. घे बे, पडंल ती!"

इतकी वर्षं मला ते 'तुमी'च म्हणत. गेलेल्या मुलाशी मात्र ते असं 'बे' लावूनच बोलायचे. मी गोदीला घेतलं आणि सगळ्यांदेखत रडलो.

वर्षं गेली, गोदी माझ्या खांद्याला लागली. परवा चेअरमन गेले. कायद्यानं गोदी आता त्यांची कुणी नव्हती. मडकं कोण धरणार, असं भाऊबंद कुजबुजत होते, तोवर तिनं ते उचलून खांद्यावर घेतलंही. गुरुजींनी विचारलं, "ही मयताची कोण?"

"नात," मी म्हणालो. "आणि मी मुलगा."

कुणी हरकत घेतली नाही. कुणाचा विरोध हाय का, हे विचारणारा माणूस तेवढा नव्हता.