रातांब्याचं तळं
रातांबे, म्हणजे कोकमाची लाल फळं, फोडल्याचा आंबटगोड वास आला की मला मंगळ आठवतो. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी पूर्णगडला सासरी होते. दुपारची खाडी नुसती चकाकत होती, वारा पडला होता, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेलं एक मोठं छायाचित्र पडवीत पसरून मी त्यावर ओणवी झाले होते. त्यातल्या टेकड्यांची यादी संध्याकाळी माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना पाठवायची होती. समोर बसून सासूबाई रातांबे फोडत होत्या. मनगटापर्यंत लाल झालेले त्यांचे हात मध्येच थांबले. “काय गो, एवढे खळगे कुठचे?” “खळगे नाहीत आई, टेकड्या आहेत त्या.” “मला तर खळगेच दिसतात. इकडून बघ.” मी जरा फणकाऱ्यानेच त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि बघता बघता एकेक टेकडी जमिनीत बुडाली. माझ्या बाजूने बघताना चित्रात ऊन खालून पडलं होतं. ते वरून पडलंय असं धरून मी महिनाभर खड्ड्यांना टेकड्या म्हणत होते. माझा चेहरा उतरला, पण सासूबाईंचं लक्षच नव्हतं. एका खळग्यावर बोट टेकून त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आपल्या डोंगरावरच्या सड्यावर कातळात पावसाचं साचतं, तसं पाणी साचत असेल काय गो यात?” बोट उचललं तेव्हा तो खळगा लाल रसाने काठोकाठ भरला होता. त्यांच्या त्या प्रश्नामागे मी अजून फिरते आहे. ते चित्र माझ्या टेबलासमोर लावलंय, त्यांच्या बाजूने. हा डाग कसला, असं कोणी विचारलं की मी सांगते, तळं आहे.